सव्वादहाला येणारी कळ

सकाळी सव्वादहाला त्यांच्या छातीत कळ येते. ती डाव्या हातात उतरते, कपाळावर घाम दिसतो, श्वास तोकडा पडतो. दहा वाजून तेवीस मिनिटांनी बेल वाजते आणि कळ थांबते. पुढची दोन मिनिटे ते पाणी पितात, शर्टाची बटणे लावतात, पलंगावरची चादर सारखी करतात, कपाळावर बाटलीतल्या पाण्याचा नवा फवारा मारून घेतात. दहा पंचवीसला पुढचा विद्यार्थी दार ढकलून आत येतो, "नमस्कार काका, काय होतंय?" म्हणतो आणि कळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दिवसभरात ती तीस वेळा येते. तिसाव्या वेळीही ती पहिल्याइतकीच, म्हणजे दहापैकी सात असावी लागते. सातची आठ झाली तर त्या मुलाची परीक्षा इतरांपेक्षा वेगळी होते.

या काकांना काहीही झालेले नाही. शेजारच्या खोलीत त्याच मिनिटाला ज्या बाईंचे पोट दुखायला लागते त्यांनी सकाळी दोन इडल्या खाल्ल्या आहेत आणि त्या नीट पचल्या आहेत. पलीकडे एक गृहस्थ ज्या तापाने फणफणलेल्या मुलाविषयी काकुळतीने बोलतात, ते मूल जन्मालाच आलेले नाही. धडधाकट माणसे गोळा करायची, त्यांना पैसे देऊन आजारी पाडायचे, कोणी कोणत्या खोलीत किती वाजता किती कण्हायचे याचा तक्ता महिनाभर आधी तयार करायचा आणि भावी डॉक्टरांनी त्या तक्त्याप्रमाणे गंभीर चेहऱ्याने फिरायचे. वैद्यकीय शिक्षणात अशा माणसांना सिम्युलेटेड पेशंट म्हणतात. ऐकणाऱ्याला हा शुद्ध वेडेपणा वाटतो आणि तसे वाटण्यात त्याची काहीच चूक नाही.

हा लेख त्या वेडेपणाची स्तुती करण्यासाठी लिहिला आहे. वैद्यकीय शिक्षणातल्या अनेक शहाण्या, व्यवहारी, वर्षानुवर्षे चालत आलेल्या रीतींपेक्षा मला तो अधिक मोलाचा वाटतो. त्यातही सर्वांत वेडी गोष्ट म्हणजे त्याचे वेळापत्रक. माझ्या मते तीच सर्वांत मोलाचीही आहे.

या प्रकाराची सुरुवात झाली तीच हसण्यावारी नेली गेली. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात हॉवर्ड बॅरोज नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने चित्रकारांसमोर बसणाऱ्या एका मॉडेलला मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, पाय लुळे पडलेल्या रुग्ण स्त्रीची भूमिका शिकवली. विद्यार्थी तिला तपासून गेले की ती त्यांच्याविषयी टिपण लिहायची. काय विचारले, काय तपासले, कसे वागले. पुढच्या वर्षी बॅरोजने स्टीफन अब्राहमसनबरोबर त्यावर निबंध प्रसिद्ध केला. वैद्यकीय महाविद्यालयात हॉलिवूड घुसले, अशी टर वर्तमानपत्रांनी उडवली. सहकाऱ्यांना हे सगळे शोभा करणारे वाटले. शरीरशास्त्राच्या गंभीर विद्येत नटनट्यांचे काय काम?

बॅरोजच्या डोक्यात ही कल्पना येण्यामागे एक खरा रुग्ण होता. न्यूरॉलॉजीच्या परीक्षेत उमेदवारांसमोर बसवलेल्या या रुग्णाने नंतर बॅरोजला सांगितले की एका उमेदवाराने फार धसमुसळेपणाने, उद्धटपणाने तपासले, म्हणून मी त्याच्यापुरती माझी लक्षणे बदलून टाकली. त्या उमेदवाराच्या निकालाचे काय झाले असेल ते असो. परीक्षकांना मात्र यातले काहीच कळले नव्हते. रुग्ण खरा होता, आजार खरा होता, आणि परीक्षा खोटी झाली होती. बॅरोजने हे उलटे केले. त्याने रुग्ण खोटा घेतला, आजार खोटा घेतला, आणि परीक्षा खरी करून दाखवली.

आता शहाणी रीत पाहू. ती शोधायला लांब जावे लागत नाही. महाराष्ट्रात एमबीबीएस झालेल्या कोणालाही वार्षिक परीक्षेतली लाँग केस आठवते. परीक्षेच्या आधीपासून युनिटमधले निवासी डॉक्टर 'केसेस' जमवत फिरतात. चांगली वाढलेली प्लीहा, ठळक मर्मर, हाताला स्पष्ट लागणारी गाठ असा पेशंट सापडला की त्याला जपतात. बरा होऊन घरी जायच्या बेतात असलेल्याला दोन दिवस थांबायची विनंती होते. परीक्षेच्या दिवशी सकाळी वॉर्डातले मामा त्याला अंघोळ घालून, स्वच्छ कपडे देऊन आणून बसवतात. मग दिवसभर एकामागून एक हात त्याच्या डाव्या बरगडीखाली शिरतात. आधी गार हात, मग घामट हात, मग थरथरणारे हात. परीक्षक आला की पुन्हा एकदा. दुपारपर्यंत त्याला आपली प्लीहा किती बोटे वाढली आहे हे उमेदवारांपेक्षा चांगले ठाऊक झालेले असते आणि एखाद्या रडवेल्या मुलीची दया येऊन तो हळूच सांगतो, "ताई, स्प्लीन आहे. चार बोटं." त्याच्या जिवावर ती मुलगी पास होते. तो शेजारच्या खाटेवर बसला असता आणि तिच्या वाट्याला सगळ्या आजारांचे मिश्रण असलेले, कानाने कमी ऐकणारे आजोबा आले असते, तर ती नापास झाली असती. यात त्या आजोबांचा दोष नाही, मुलीचाही नाही.

या रीतीला कोणी वेडेपणा म्हणत नाही, कारण तिच्यात सगळे खरे असते. ताप खरा, मजुरी बुडालेली खरी, संकोच खरा. तो माणूस 'नको' म्हणू शकला असता का, हा प्रश्न आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी फारसा विचारलेला नाही. सरकारी रुग्णालयात फुकट उपचार घेणाऱ्याने आपले पोट शिकणाऱ्या हातांखाली द्यावे, असा एक न लिहिलेला करार आपण गृहीत धरला आहे. भारतातले डॉक्टर ज्या कौशल्यासाठी जगभर नावाजले जातात ते या गोरगरीब पोटांनी शिकवले आहे. ते ऋण मानायलाच हवे. पण ऋण मानायचे तर निदान पहिली, अडखळती, चुकतमाकत केलेली तपासणी त्यांच्या वाट्याला येऊ नये इतके तरी करता येते. पहिल्या चुका करायला दुसरे कोणी तरी हवे. दुपारी साडेतीनला स्वतःच्या पायांनी घरी जाणारे, मोबदला घेणारे, आणि 'आता पुरे' म्हणू शकणारे.

असे कोणी हवे असेल तर वेळापत्रक करावे लागते. खरा रुग्ण वॉर्डात चोवीस तास असतो, त्याच्यासाठी वेळ ठरवावी लागत नाही, आणि तो आपल्याला इतका सोयीचा वाटतो त्याचे खरे कारण हेच आहे. खोट्या रुग्णाला वेळ द्यावी लागते, वेळेवर बोलवावे लागते, वेळेवर सोडावे लागते. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे आपण म्हणतो. घड्याळाचेही आणता येत नाही.

स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डनने सत्तरच्या दशकात जी परीक्षा तयार केली आणि १९७५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडली, तिला आपल्याकडे सगळे 'ऑस्की' म्हणून ओळखतात. एक मोठी लाँग केस न देता अनेक छोटी स्टेशने मांडायची, प्रत्येकाने प्रत्येक स्टेशनवर तेवढाच वेळ थांबायचे, बेल वाजली की पुढे सरकायचे. सगळ्यांना तीच दुखणी, तीच तपासणी, तेच परीक्षक. कल्पना सांगायला दोन वाक्ये पुरतात. ती प्रत्यक्षात आणायला किती हिशेब लागतो हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसते, म्हणून तो इथे मांडतो.

दीडशे विद्यार्थ्यांची बॅच धरा. दहा स्टेशने, प्रत्येकी आठ मिनिटे, मध्ये दोन मिनिटे, म्हणजे दर दहा मिनिटांना एक बेल. दहा जणांच्या एका गटाला फेरी पुरी करायला १०० मिनिटे लागतात. गट पंधरा. एकच रांग चालवली तर १,५०० मिनिटे, म्हणजे पंचवीस तास. म्हणून तीन समांतर रांगा चालवायच्या. प्रत्येक रांगेत पाच गट, ५०० मिनिटे. एका दिवसात ते बसवायचे तर सव्वाआठ तासांहून अधिक सलग चालवावे लागेल आणि चहा, जेवण, उशीर धरला तर अंधार पडेल. मग दोन दिवस. पहिल्या दिवशी तीन गट, दुसऱ्या दिवशी दोन. पहिल्या दिवशी प्रत्येक खोलीत तीस विद्यार्थी येऊन जातात. काकांची कळ तीस वेळा येते ती अशी.

दहापैकी सहा स्टेशनांवर माणूस रुग्ण हवा असे धरू. बाकीच्यांवर ईसीजी वाचणे, टाके घालणे, पुतळ्यावर छाती दाबणे. सहा भूमिका, तीन रांगा, म्हणजे अठरा माणसे. तिन्ही रांगांतल्या तिन्ही काकांची कळ सारखी हवी, म्हणून त्यांची तालीम एकत्र घ्यायची. आता पोटदुखीच्या बाईंकडे पाहा. तीस विद्यार्थ्यांनी उजवीकडे खाली दाबून पाहिल्यावर विसाव्या विद्यार्थ्यापर्यंत त्यांचे पोट खरोखरच दुखायला लागते आणि मग त्यांनी अभिनय करायचा तो दुखत नसल्याचा. हे कोणालाही मान्य होण्यासारखे नाही. म्हणून त्या भूमिकेला जोडी द्यायची, एका गटाला एक, दुसऱ्याला दुसरी. ज्या आईला आपल्या मुलाच्या कॅन्सरची बातमी ऐकून दर दहा मिनिटांनी कोसळायचे आहे तिलाही जोडी हवी. दुःख खोटे असले तरी रडताना शरीर खरेच राबते. दोन भूमिकांना जोड्या म्हणजे आणखी सहा माणसे, चोवीस. प्रत्येक भूमिकेसाठी एक राखीव, कारण परीक्षेच्या दिवशी खोटा रुग्ण खरा आजारी पडू शकतो. तीस.

तीस माणसे दोन दिवस, त्याआधी तालमींच्या वेळा. यातल्या निवृत्त शिक्षिका नातवाला शाळेतून आणायला साडेबाराला जाऊ इच्छितात. हौशी नाट्यसंस्थेतल्या दोघांच्या राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी संध्याकाळी असतात. एकाच्या पोटावर ॲपेन्डिक्सच्या शस्त्रक्रियेचा व्रण आहे, त्याला ॲपेन्डिक्सची भूमिका देता येत नाही. एक जण परीक्षार्थी मुलीचा सख्खा काका निघतो, तिच्या रांगेतून त्याला हलवावे लागते. पहिल्या गटाने परीक्षा देऊन बाहेर पडताना तिसऱ्या गटाला भेटता कामा नये, म्हणून एक गट बाहेर पडायच्या आधी पुढचा वेगळ्या दाराने आत बसवायचा, मोबाइल काढून घ्यायचे. रात्री वसतिगृहात सगळ्या केसेस फुटणार हे गृहीत धरून दुसऱ्या दिवसासाठी छातीतल्या कळीचे कारण बदलायचे. काकांना काल हार्ट अटॅक होता, आज ॲसिडिटी. त्यांना हे लक्षात ठेवायला एक रात्र मिळते.

हा तक्ता करणारी व्यक्ती, मग तिला को-ऑर्डिनेटर म्हणा की आणखी काही, माझ्या लेखी या सगळ्या उपक्रमातली सर्वांत आदरणीय व्यक्ती आहे. तिच्या एक्सेलच्या चौकटीत आजार बसलेले असतात. ११.३५, खोली ४, दम लागणे. ११.४५, खोली ४, दम लागणे. ती ज्या काळजीने कोणाचा दम कधी लागावा आणि त्याला मध्ये कधी खरा श्वास घेऊ द्यावा हे ठरवते, तितकी काळजी आपल्या ओपीडीत खऱ्या दम लागणाऱ्यांची वेळ ठरवताना घेतली गेली असती, तर त्यांना पहाटे पाचला केसपेपरच्या रांगेत चप्पल ठेवून बसावे लागले नसते. खोट्या रुग्णाच्या वेळेला किंमत आहे हे तिने मान्य केलेले असते, आणि या मान्यतेपासूनच बाकी सगळे सुरू होते. जो विद्यार्थी आठ मिनिटांत 'नमस्कार'पासून 'काही शंका आहे का?' पर्यंत जायला शिकला, त्याला समोरच्याची आठ मिनिटेही मोजता येऊ लागतात.

भूमिका शिकवणे हे तर वेगळेच शास्त्र झाले आहे. इथे चांगला नट लागतोच असे नाही. रंगमंचावरच्या नटाला दर प्रयोगात नवे काही सापडते आणि त्याचे कौतुक होते. इथे ते सापडता कामा नये. समजा, बेचाळीस वर्षांच्या एका स्त्रीची केस आहे. तक्रार डोकेदुखीची. तिच्या कागदावर लिहिलेले असते की डोकेदुखीविषयी विचारले तर सगळे सांग, झोप विचारली तर 'लागत नाही' एवढेच सांग, आणि विद्यार्थी मान वर करून "ताई, आणखी काही बोलायचंय का?" असे विचारून थोडा वेळ गप्प राहिला, तरच घरात काय चालले आहे ते बोल. घाईने विचारले तर 'नाही' म्हण. तीस विद्यार्थ्यांपैकी किती जणांना ते वाक्य ऐकायला मिळते, हा त्या तक्त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा आकडा असतो असे मला वाटते. ते वाक्य कागदावर आहे, तिच्या ओठांवर आहे, आणि बहुतेक वेळा ते तिथेच राहते. खऱ्या ओपीडीतही ते राहतेच. तिथे ते राहिले हे आपल्याला कधी कळत नाही. इथे कळते, आणि संध्याकाळी विद्यार्थ्यालाही कळते.

परीक्षा नसेल, नुसता सराव असेल, तर या वेडेपणाचे खरे वैभव दिसते. बातमी सांगायला आलेला मुलगा घाबरून एका दमात म्हणतो, "रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, कॅन्सर आहे, पण घाबरायचं काही कारण नाही." समोरची आई थिजून बसते. शिक्षक 'टाइम-आउट' म्हणतात. आई भूमिकेतून बाहेर येते आणि सांगते, "तुम्ही 'पण' म्हणालात तेव्हा मला पुढचं काहीच ऐकू आलं नाही. तुम्ही फाइलकडे बघत होता." ही टिप्पणी ती वैद्यकातली जाणकार म्हणून करत नाही, बातमी ऐकणारी म्हणून करते, आणि तसेच करायचे हे तिला शिकवलेले असते. मग शिक्षक म्हणतात, दोन मिनिटे मागे जाऊ. मुलगा बाहेर जातो, दार वाजवतो, खुर्ची जवळ ओढून बसतो आणि तीच बातमी पुन्हा, पहिल्यांदाच, सांगतो. आईला ती अजून माहीत नसते.

पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कोणत्या ठिकाणी हे घडते? एखाद्या आईच्या आयुष्यातले सर्वांत वाईट वाक्य मागे घेऊन नीट म्हणायची सोय फक्त या खोटेपणात आहे. खरी आई ते पहिले वाक्य शब्दन्‌शब्द आयुष्यभर लक्षात ठेवते. कोणत्या डॉक्टरने, कोणत्या व्हरांड्यात, उभ्याउभ्या कसे सांगितले हे तीस वर्षांनी सांगणारी माणसे आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत.

अमेरिकेने हा प्रकार राष्ट्रीय पातळीवर नेला. २००४ पासून तिथे डॉक्टरकीच्या परवान्यासाठी यूएसएमएलई या परीक्षेतली 'स्टेप टू सीएस' ही पायरी द्यावी लागायची. फिलाडेल्फिया, शिकागो, अटलांटा, ह्यूस्टन आणि लॉस एंजेलिस या पाचच शहरांत ती होत असे. एका दिवसात बारा रुग्ण, प्रत्येकाशी पंधरा मिनिटे, मग टिपण लिहायला दहा मिनिटे. शरीराच्या काही तपासण्यांना सक्त मनाई होती. स्तनांची नाही, गुदद्वाराची नाही, जननेंद्रियांची नाही, डोळ्याच्या बुबुळाला कापूस लावून पाहणे नाही. ही यादी वाचताना आपल्या वॉर्डातल्या त्या प्लीहेवाल्या माणसाची आठवण होते. त्याच्यासाठी अशी यादी कोणी लिहिलेली नाही. मुंबई-पुण्याहून आणि नागपूरहून कितीतरी मुले व्हिसा काढून, विमानाने या पाचपैकी एका शहरात गेली, एक दिवस खोट्या अमेरिकी रुग्णांना भेटून परत आली. तेराशे डॉलरच्या घरातली किंवा त्याहून अधिक फी होती, प्रवास वेगळा. अमेरिकी विद्यार्थी जवळजवळ सगळेच पास होतात, मग एवढा खर्च कशाला, असा आक्षेप होता. २०१६ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी ही परीक्षा बंद करा म्हणून सह्यांची मोहीम काढली. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे ती थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद झाली.

विद्यार्थ्यांचा खर्चाविषयीचा आक्षेप मला पटतो. पाच शहरांतली एकच चाळणी महाग होती. प्रत्येक महाविद्यालयाने हे काम आपल्या घरी करणे त्याहून चांगले. पण जवळजवळ सगळे पास होतात म्हणून परीक्षा निरुपयोगी, हे मला पटत नाही. ती द्यावी लागणार म्हणून महाविद्यालयांनी खोटे रुग्ण पोसले, खोल्या बांधल्या, मुलांकडून सराव करून घेतला. पास होणे हे त्या सरावाचे फळ असू शकते. ब्रिटनने आपली पद्धत सोडलेली नाही. तिथे काम करू इच्छिणाऱ्या परदेशी डॉक्टरांची प्लॅब टू परीक्षा मँचेस्टरमध्ये होते. सोळा प्रसंग, प्रत्येकी आठ मिनिटे. आपल्याकडच्या कितीतरी डॉक्टरांनी "तुमच्या मनात कसली भीती आहे?" हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने विचारला तो मँचेस्टरच्या तयारीत, इंग्रजीत. मराठीत तो विचारायची सवय त्यांना लावायला कोणी बेल वाजवली नव्हती. ही गोष्ट मला फार लागते.

बेल नसलेला खोटा रुग्ण मात्र आपल्याकडे येऊन गेला आहे. २०१४-१५ मध्ये मुंबई आणि पाटणा इथल्या खासगी दवाखान्यांत संशोधकांनी प्रशिक्षित माणसे पाठवली. ती क्षयाची लक्षणे सांगत, खोकत, केसपेपरचे पैसे देत, आणि डॉक्टरांना ती खरीच वाटत. इंजेक्शन कसे टाळायचे, गोळी तिथल्या तिथे गिळायची वेळ येऊ नये म्हणून काय म्हणायचे, हेही त्यांना शिकवले जात असे. अशा अडीच हजारांहून अधिक भेटी झाल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार योग्य पावले उचलली गेली ती सुमारे ३५ टक्के भेटींत. दिल्लीतल्या आधीच्या अभ्यासात तर हे प्रमाण २१ टक्के होते. क्षयाचे एवढे रुग्ण ज्या देशात आहेत तिथे हे कोणत्याही नोंदवहीतून, कोणत्याही तपासणी पथकाकडून समजले नव्हते. धडधाकट माणसे ठरलेल्या दिवशी ठरलेल्या दवाखान्यात जाऊन खोकली, तेव्हा समजले. खऱ्या रुग्णाला योग्य सल्ला मिळाला नाही तर ते त्याला कळत नाही. खोट्याला कळते, कारण आपल्याला काय झाले आहे हे त्याला आधीपासून ठाऊक असते.

आपल्याकडे कागदावर सगळे आले आहे. २०१९ पासून नवा, क्षमतेवर आधारलेला एमबीबीएस अभ्यासक्रम लागू झाला. वृत्ती, नीती आणि संवाद यांसाठी 'एटकॉम' आले. महाविद्यालयांना स्किल लॅब बंधनकारक झाली. २०२० च्या निकषांत तर तिच्यात रुग्ण किंवा सिम्युलेटेड रुग्ण तपासण्यासाठी किमान चार खोल्या असाव्यात असेही आले. खोल्या मोजता येतात. पुतळे विकत घेता येतात, त्यांची पावती मिळते, ते जेवत नाहीत आणि त्यांना नातवाला शाळेतून आणायचे नसते. म्हणून त्यांच्यावर पैसा खर्च होतो. पुतळ्याच्या छातीवर दाब देणे शिकावेच लागते, त्याला पर्याय नाही. पण पुतळा नवऱ्याच्या दारूविषयी बोलायचे की नाही या विचारात पडत नाही. त्या चार खोल्यांत माणसे बसवायची तर कोणाला तरी ती शोधावी लागतील, शिकवावी लागतील, त्यांच्या वेळा जुळवाव्या लागतील, तासाचे पैसे द्यावे लागतील, आणि हे काम 'इतर कामे सांभाळून' होणारे नाही. त्यासाठी पूर्ण वेळाचे एक पद हवे. ते पद मागायला जाणाऱ्या विभागप्रमुखाला 'खोट्या पेशंटच्या अपॉइंटमेंट घेण्यासाठी?' असे विचारले जाईल. त्याने मान ताठ ठेवून 'हो' म्हणावे.

पद मंजूर होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. दीडशे विद्यार्थी आणि चार खोल्या. प्रत्येकाला एक रुग्ण, आठ मिनिटे आणि वर दोन. अडतीस पाळ्या होतात, ३८० मिनिटे. सकाळी नऊला पहिली बेल वाजवली तर पाऊण तास जेवणाला आणि पाव तास चहाला धरूनही चार वाजून वीस मिनिटांनी शेवटचा विद्यार्थी बाहेर पडतो. एक शनिवार पुरतो. खोलीमागे दोन, म्हणजे आठ माणसे लागतील, पाळीपाळीने बसणारी. वर दोन राखीव. गावात हौशी नाट्यसंस्था असते, ज्येष्ठ नागरिक संघ असतो, महिला मंडळ असते. आदल्या दोन शनिवारी तालीम, तिचेही पैसे. पहिल्या खेपेला केस साधी घ्यावी. पन्नाशीच्या बाई, गुडघे दुखतात, आणि गोळ्या बंद करून बसल्या आहेत. का बंद केल्या हे त्या आपणहून सांगणार नाहीत. शेजारणीने सांगितले की या गोळ्यांनी किडनी जाते. विद्यार्थ्याने न रागावता विचारले, "काकू, गोळ्या घ्यायला काही अडचण येतेय का?" तर त्या सांगतील. 'असं का केलंत?' म्हणाला तर त्या पदर सावरून "विसरले" म्हणतील.